अबोल्यातले तीस पत्ते

आमच्या घरमालकीणबाई, कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि विचारायच्या, "तू कशाला?" म्हणजे आणणाऱ्याला नव्हे हं, त्या वस्तूलाच. लेकीनं पुण्याहून भाजी चिरायचं यंत्र आणलं, त्याला विचारलं. आमच्या ह्यांनी दिवाळीला आकाशकंदील नेऊन दिला, त्यालाही विचारलं. वस्तूनं उत्तर दिलं नाही की त्या थोडा वेळ वाट बघायच्या, आणि मग ती माळ्यावर जायची. यंत्र अजून तिथंच असेल. कंदील मात्र चार दिवसांनी खाली उतरला, कारण लाइट गेल्यावर त्यात मेणबत्ती बसते आणि वाऱ्यानं विझत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांना सगळी गल्ली जिजी म्हणायची. क्रांती चौकाच्या मागल्या अंगाला त्यांचं घर. वर त्या एकट्या, खाली आम्ही दोघं नवरा-बायको. माझी लेकरं त्याच घरात मोठी होऊन नोकरीला बाहेर गेली, माझे केस त्याच घरात पांढरे झाले, पण जिजींची हाक कधी बदलली नाही. "ए भाडेकरीण." रागानं नव्हे. त्यांच्या मनात प्रत्येकाची एक जागा ठरलेली असायची आणि माझी ती होती. एकदा मी म्हटलं, अहो, नावानं हाक मारा ना. तर म्हणाल्या, "नावं लई जणींची सारखी असत्यात. भाडेकरीण एकच हाय."

आता आपल्या गावात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे देवालाही ठाऊक नसतं, त्यामुळं गच्चीवर ड्रम सगळेच ठेवतात. पण जिजींच्या ड्रमांना हुद्दे होते. एक पिण्याचा, एक भांड्यांचा, एक पाहुण्यांचा, एक नळ आलाच नाही तर, आणि अगदी कडेचा एक ड्रम, बाकीच्यातला एखादा फुटला तर. त्या शेवटच्या ड्रमातलं पाणी त्यांनी कधी वापरलेलं मी पाहिलं नाही. त्यातलं पाणी जुनं झालं की झाडांना घालायच्या आणि पुन्हा भरायच्या. मी हसले तर म्हणाल्या, हसू नको, घोड्यावर असंच भरतात.

घोड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय जिजी कळायच्या नाहीत. शहरातलं हे घर फार पुढचं. माहेर देवगाव रंगारीचं, सासर वैजापूरकडचं, दोन्हीकडं मेंढरं. पाऊसकाळ सरला की माणसं मेंढरं घेऊन चाराईला निघायची, ती महिनोन्‌महिने बाहेरच. सगळं बिऱ्हाड एका घोड्यावर. आणि ते लादायचं काम बायकांचं. सासूबाई समोर बसायच्या, आणि दोन सुना, थोरली म्हणजे जिजी आणि धाकली म्हणजे त्यांची जाऊ, एकेक वस्तू पुढं करायच्या. सासूबाई म्हणायच्या, हौसेचं भरू नका, नडीचं भरा. पाऊस आला तर काय, लांडगा आला तर काय, काटा मोडला, ताप चढला, लेकराला विंचू डसला तर काय. ज्या वस्तूला ह्यातलं एकही उत्तर नाही, ती खाली. घोडा काही रबराचा नाही.

जिजींना हे असं पटलं की जन्मभराचं. धाकली मात्र सासूबाईंचा डोळा चुकवून बांगड्यांची पेटी कोंबायची, आरसा कोंबायची, एकदा म्हणे गुळाची अख्खी ढेप कोंबली आणि घोडा नदीच्या मधोमध खाली बसला. त्या घोड्याची गोष्ट जिजी मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. प्रत्येक वेळी नदीला थोडं जास्त पाणी असायचं.

स्वभावानं दोघी अशा की विचारू नका. धाकली विजेसारखी. बोलायची भरभर, चालायची भरभर, लेकराला अंघोळ घालायची तर साबण लागायच्या आत लेकरू बाहेर. आणि आमच्या जिजी! जेवायला बसल्या की मी धुणं धुऊन वाळत घालून यायची, तरी त्यांची दुसरी भाकरी अर्धी शिल्लक. भाजीवाल्याशी घासाघीस कधी करायच्या नाहीत. नुसत्या गाड्याशी उभ्या राहायच्या, त्याच्याकडं बघत. तो बिचारा आपणच भाव कमी करत यायचा.

तर ह्या दोघींचा अबोला कशावरून झाला ते ऐका. धाकलीच्या पोरीचं लग्न. पंगतीवर पंगत उठतेय, व्याही मंडळी खोळंबलीयत, आणि धाकली पदर खोचून ताटं उचलत निघालेली. सगळ्यांची ताटं उचलली, त्या झपाट्यात जिजींचंही उचललं. जिजींचा घास हातात होता. बुंदी अजून शिवलेली नव्हती. सगळ्या व्याह्यांसमोर थोरली जाऊ घास हातात धरून रिकाम्या जमिनीकडं बघत बसली. धाकलीच्या ध्यानातही आलं नाही, ती ताटं घेऊन केव्हाच मोरीपाशी. आणि नंतर कुणी सांगितलं तेव्हा म्हणाली, "मंग सकाळपासून जेवत होती का ती?"

हे जिजींच्या कानावर आलं आणि संपलं.

त्या लग्नातल्या नवरीची पोरं शाळेत जायला लागली तरी अबोला तसाच. मधल्या काळात दोघींचे नवरे गेले. सुतकात जाणं-येणं झालं, एकीनं दुसरीच्या घरी भाकरी भाजल्या, पण निरोप सगळे भिंतीला. "त्यांना म्हणावं मीठ कमी हाय." "त्यांना म्हणावं बरणीत हाय." जिजींचं म्हणणं सरळ होतं. ताट तिनं उचललं, तर तोंडही आधी तिनंच उघडावं. पण मनातून त्यांना ती हवी होती, हे मला ठाऊक होतं. एकदा घोड्याची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "भाडेकरीण, तू ऐकतीस. पण घोडा खरंच बसला व्हता हे ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलंय. आन्‌ ते वैजापूरला हाय."

मग जिजींचा पाय मोडला. गच्चीवर, त्या कडेच्या ड्रमाशी. प्लॅस्टर घातलं, पलंगावर बसवलं. लेक पुण्याहून आली, आठवडाभर राहिली, आणि जाताना आईच्या फोनमध्ये एक खेळ टाकून गेली. आतली गोष्ट अशी की तिनं आणि धाकलीच्या पोरीनं दोघींनी मिळून ठरवलं होतं. तिकडं वैजापूरला धाकलीच्याही फोनमध्ये तोच खेळ गेला होता.

हा पत्त्यांचा खेळ, पण राजा-राणीच्या पत्त्यांचा नाही. ह्यात शेकड्यांनी पत्ते असतात. कशावर लांडगा, कशावर शिपाई, कशावर जादूटोणा. त्यातले तीस आपण निवडायचे, तेवढेच घेऊन खेळायला बसायचं. समोरच्याचा जीव आकड्यात लिहिलेला असतो, तो शून्यावर आणला की जिंकलो. आता हे दोन तऱ्हांनी करता येतं. एक म्हणजे पहिल्यापासून धावून जायचं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे आपण काहीच करायचं नाही. तो जे पाठवेल ते मारायचं, अडवायचं, परत धाडायचं, आणि त्याचे हात रिकामे झाले, तो अगदी बेजार झाला, की मग सावकाश उठायचं. लेकीनं सांगितलं, आई, ह्याला कंट्रोल म्हणतात. जिजींनी विचारलं, साखर मिळते का? आमच्याकडं रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात ना, म्हणून.

पण तऱ्हा त्यांना लगेच कळली. कळायला वेळ कशाला लागतोय? जन्मभर तेच केलं होतं.

खेळात नावं ठेवायची असतात. लेकीनं आईचं नाव 'जिजी' ठेवलं. पहिल्याच दुपारी समोर डाव मांडायला जी आली तिचं नाव होतं 'वैजापूरची वाघीण'. जिजींनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, "ही तीच हाय. वाघीण म्हणे. मांजर बघून खाटेवर चढायची."

आता प्रश्न आला अबोल्याचा. खेळता येईल का? जिजींनी त्यावर दोन दिवस विचार केला. त्या खेळात एकमेकांना लिहिता-बोलता येत नाही, आयती हिंदी वाक्यं असतात, बटण दाबायचं. नमस्ते, शाबाश, धन्यवाद, माफ कीजिए, जल्दी कीजिए. जिजींनी निकाल दिला की बटण दाबणं म्हणजे बोलणं नव्हे. बहुतेक वैजापूरलाही तोच निकाल लागला असावा, कारण तिसऱ्या दिवशी डाव सुरू झाला तो रोजचाच झाला. दुपारी जेवणं झाली की.

पहिले काही डाव जिजी अशा हरल्या की मला बघवेना. धाकलीचे तीस पत्ते म्हणजे नुसते लांडगे आणि रानकुत्री. जिजी चष्मा पुसून पहिला पत्ता वाचेपर्यंत इकडं जीव अर्धा. मग त्यांनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, बस, बिऱ्हाड भरू.

ते बिऱ्हाड भरणं महिनाभर चाललं म्हणा. मी पत्ता वाचायची, त्यावरचं हिंदी त्यांना समजावून सांगायची, आणि त्या फोनकडं बघून विचारायच्या, तू कशाला? पत्त्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. एक पत्ता टाकला की समोरची सगळी जनावरं आगीत खाक, ती झाडू. एकानं आपला जीव भरून यायचा, ती हळद. दगडी भिंत होती, ते कुंपण. एक पत्ता समोरच्या जनावराला उचलून मालकाच्या हातात परत द्यायचा, त्याला त्या पाठवणी म्हणायच्या. आणि बर्फाचा एक होता, त्यानं जनावर जागच्या जागी गोठायचं. त्याला नाव नव्हतं, तो आला की जिजी नुसत्या गालात हसायच्या.

मला मोठे पत्ते आवडायचे. हत्तीचा एक पत्ता होता, सोनेरी कडांचा, काय त्याचं रूप! मी म्हटलं, जिजी, हा घ्या, एका फटक्यात धाकली गार.

"लांडगा आला तर हत्ती काय करंल?"

"पायाखाली घेईल की."

"कवा? तो उतरायला दहा फेऱ्या लागत्यात असं तूच वाचलंस. तवर आपण काय, त्याची सोंड बघत बसायचं?" आणि हत्ती खाली.

असं एकेक. झाडू किती घ्यायच्या ह्यावर दोन दुपारी गेल्या. खेळाच्या नियमानं एक पत्ता दोनदाच घेता येतो, तरी जिजींनी विचार पूर्ण केला. हळद जास्त झाली तर हात नुसता हळदीनंच भरलेला, मग मारायचं कशानं? कुंपण पहिल्या फेऱ्यांत यायला हवं, उशिरा आलं तर उपयोग नाही, म्हणून ते दोन. पाठवणी एकच, कारण धाकलीची जनावरं स्वस्तातली, परत दिली तर ती पुन्हा फेकते, तिचं काय जातं. ह्या सगळ्यात जिजींनी मला कधी विचारलं नाही की चांगला पत्ता कोणता. विचारायच्या ते एवढंच, की धाकली आता काय टाकील. आणि उत्तरही आपणच द्यायच्या. "तिला दम नाय. हातात आलं की टाकलं. तिसऱ्या फेरीला तिचा अर्धा हात रिकामा."

बरोबर तसंच व्हायचं. धाकलीची सहा कुत्री रांगेत उभी राहिली की जिजी घोटभर चहा घ्यायच्या आणि झाडू टाकायच्या. फोनवर आग आग. मग तिकडून बटण: जल्दी कीजिए. कारण खेळात प्रत्येक फेरीला वेळ ठरलेला असतो, तो संपत आला की एक सुतळी जळत येते, आणि जिजी ती सुतळी पार टोकापर्यंत जळू द्यायच्या. टाकायला हातात एकच पत्ता असला तरी. जल्दी कीजिए. जिजी दाबायच्या, धन्यवाद. पुन्हा जल्दी कीजिए. पुन्हा धन्यवाद. मला हसून हसून ठसका लागायचा.

प्लॅस्टर निघालं, पाय चालायला लागला, पण दुपारचा डाव सुटला नाही. आणि जिजी हरेनात. आता मला सांगा, रोज तेच, रोज तुमची सगळी जनावरं जळतायत, आणि समोरची बाई सुतळी जाळत बसलीय. किती दिवस सोसाल? एका दुपारी धाकलीनं डाव अर्ध्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी आली, दोन कुत्री टाकली, झाडू आली, निघून गेली. त्यानंतर आलीच नाही.

खेळात आपलं माणूस हजर असलं की नावाशी हिरवा ठिपका लागतो. जिजी जेवण झाल्यावर फोन तांब्याला टेकवून ठेवायच्या आणि ठिपक्याची वाट बघायच्या. तो लागायचा नाही. मी म्हटलं, कामात असेल, कांदे काढणीला आलेत. त्या म्हणाल्या, कांदे काय दुपारभर काढत्यात व्हय? मी म्हटलं, मग तुम्ही फोन करा की. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी आपली कपबशी उचलून खाली आले.

चारेक दिवसांनी पुन्हा हाक. "ए भाडेकरीण, वर ये. बिऱ्हाड सोडायचंय."

त्यांचा बेत असा. धाकली परत यायला हवी तर तिला जिंकता आलं पाहिजे. पण तिला जिंकू दिलं असं कळलं, तर ती जन्मात तोंड दाखवणार नाही. म्हणजे हरायचं, पण घाम गाळून. आणि त्यासाठी पत्ते निवडायचे. मी सांगते, जिंकायचे पत्ते निवडायला महिना लागला होता, पण ते सोपं होतं. हळद काढावी तर धाकली म्हणेल, हिचा जीव एवढ्यात कसा संपला. कुंपण काढावं तर पहिल्या फेरीलाच उघडं पडायचं, तिला संशय. बर्फाचा काढायला जिजींचं मन होईना. शेवटी त्यांनी दोन्ही झाडू काढल्या. म्हणाल्या, एखाद दिवशी झाडू हाताला येत नाय, तीस पत्त्यांत तळाला बसते, तसं वाटंल तिला.

दोन जागा मोकळ्या झाल्या. एकीत एक म्हातारा शिपाई घातला. दुसऱ्या जागेसाठी मी पत्ते सरकवत होते, तर एक बासरीवाला आला. झाडाखाली बसलाय, भोवती चार पाखरं. तो मारत नाही, अडवत नाही, जीव भरत नाही. टाकला की नुसता बसतो. मी तो पुढं सरकवायला बोट उचललं, तर जिजी म्हणाल्या, "असू दे."

मी थांबले. त्या विचारतील म्हणून वाट बघितली. त्यांनी काही विचारलं नाही.

मग जिजींनी खेळाचं आमंत्रणाचं बटण दाबलं. आधी कधी दाबलं नव्हतं, आमंत्रण नेहमी वाघिणीचं यायचं. रोज दुपारी दाबायच्या, रोज ते तसंच विझून जायचं. आणि एक दिवस ठिपका लागला.

मी शेजारीच बसले होते. धाकलीनं दोन कुत्री टाकली, आणि थांबली. आता मला थोडाफार खेळ कळायला लागला होता, तर माझ्या ध्यानात आलं की बाई शहाणी झालीय. सगळी जनावरं एकदम मांडत नाही. झाडू येईल म्हणून हातात राखून ठेवतेय. जिजींनी शिपाई टाकला. कुंपण टाकलं. झाडूची वेळ आली, आणि गेली. जिजींनी बासरीवाला टाकला.

 मग, आम्ही दोघींनी पहिल्यांदाच बघितलं, सुतळी वैजापूरच्या बाजूला जळायला लागली. पार टोकापर्यंत जळली. धाकलीनं काहीच टाकलं नाही. पुढच्या फेरीलाही तसंच. शेवटी तिनं कुत्री सोडली, जिजींचा जीव शून्यावर आला, आणि जिंकल्या बाईनं बटण दाबलं: माफ कीजिए.

"हे कामून दाबलं?" जिजी म्हणाल्या. मी म्हटलं, चुकून लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. जिंकली, आणि जिंकल्यावर बराच वेळ ठिपका लावून नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ठिपका नाही. जिजी संध्याकाळपर्यंत फोनसमोर बसल्या. मग फोन पालथा घातला आणि म्हणाल्या, "वळखलं तिनं. आता नाय यायची." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाल्या, जा, तुझी पोळी करपत असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना झाडत होते. फाटकाशी रिक्षा थांबली आणि एक बुटकी, हातभर बांगड्या घातलेली बाई उतरली. कांद्याची पिशवी एका हातात, फोन एका हातात. मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती जिन्यावर अशी चढली की माझा केर पुन्हा सगळा पसरला. मी केरसुणी घेऊन तशीच मागं गेले. दारात थांबले. ऐकायचंच होतं, खोटं कशाला बोलू.

जिजी पलंगावर बसून न्याहारी करत होत्या. अर्थातच अर्धी झाली होती.

धाकली समोर उभी राहिली, धापा टाकत. आणि म्हणाली, "अक्का, झाडू कामून टाकंना तू?"

जिजींनी घास गिळला. एवढ्या वर्षांचा अबोला, पहिलं वाक्य हे. त्या म्हणाल्या, "हाताला आली नाय."

"दोन डाव? दोन्ही डावांत? माझी सहा कुत्री उभी, आन्‌ तू झाडू टाकंना? मला रातभर झोप नाय. म्हटलं हिला दिसंना झालं, का हात उचलंना. डोक्यावर तर परिणाम नाय? पायाचं हाड मोडलं ते वर चढलं का काय?"

"हाड वर चढत नाय."

"दाव फोन." आणि जिजींनी काही म्हणायच्या आत तिनं फोन उचललाही. बोट चालवलं भरभर. मी दारातून बघत होते, तिचं तोंड कसं कसं बदलत गेलं. एका जागी बोट थांबलं. "हा कोण?"

"बासरीवाला."

"काय करतो?"

"वाजवतो."

धाकलीनं फोनकडं बघितलं, जिजींकडं बघितलं. "हे तू भरलंस? तू? मी एक आरसा घातला तर तासभर बोलणारी तू, अन्‌ आता बासरीवाला लादून फिरतीस?" मग तिला कळलं. मला स्पष्ट दिसलं, कळलं ते. ती पलंगाच्या कडेवर बसली. "मी जिंकावं म्हणून झाडू काढली व्हय गं?"

जिजी बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू येईना झालीस."

बस्स. एवढंच. धाकलीनं डोळ्याला पदर लावला, पण तोही घाईतच. आणि मग रागावली. म्हणाली, माझ्यावर उपकार करतीस का, मी काय लंगडी हाय? रोज हरते ते माझं मी हरते. आणि चार दिवस आले नाही, तर कांदे भरत होते, गाडी आली होती, खेळायला फुरसत नव्हती. मी दारातून जिजींकडं बघितलं. जिजींनी माझ्याकडं बघितलंच नाही.

मग जे झालं ते मी कुणालाही सांगितलं तरी खरं वाटत नाही. धाकलीनं पाय वर घेतले, फोन मध्ये ठेवला, आणि स्वतःच्या विरुद्ध जिजींचे पत्ते निवडायला बसली. दोन्ही झाडू आधी घातल्या. बर्फाच्या पत्त्यापाशी म्हणाली, "हा तर ठिवच. हा आला की माझं डोकंच फिरतं, फोन फेकावा वाटतो." म्हातारा शिपाई काढला, म्हणाली, ह्याला माझं पिल्लूबी खातं, कुणी भरला हा? जिजींनी माझ्याकडं बोट दाखवलं. पाठवणी एकच कशी, म्हणून वाद झाला. जिजींनी कारण सांगितलं, की तुझी जनावरं स्वस्तातली. त्यावर धाकली दहा मिनिटं बोलली, जनावरांच्या वतीनं.

चहा झाला. जेवण झालं, मीच वर नेलं. धाकलीचं ताट लगेच रिकामं. मग ती म्हणायला लागली, उरका आता, मला दुपारची गाडी धरायचीय, घरी म्हशी हायत. जिजी म्हणाल्या, व्हय, व्हय, एवढं कुंपणाचं बघू. दुपार गेली. मी खाली धुणी घडी करत होते, वरून आवाज येत होते. ह्या वर्षी नदीला किती पाणी होतं, त्या वर्षी किती होतं, घोडा बसला तेव्हा गूळ होता का पेंड होती. मग पुन्हा धाकली, "अक्का, गाडी." मग जिजींचा संथ आवाज, "ह्या दोन हळदीतली एक काढावी का?" मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

उन्हं उतरली. मी चुलीवर, म्हणजे गॅसवर हो, पातेलं ठेवत होते, तेवढ्यात जिन्याच्या कठड्यावरून धाकलीचं डोकं खाली आलं.

"ए भाडेकरीण," ती म्हणाली, जशी काही जन्माची ओळख, "माझ्यापुरता भात वाढीव टाक. ही काय आज उरकत नाय."

मी तांदूळ धुऊन ठेवला आणि वर डोकावून आले. तीसपैकी एकच जागा उरली होती. जिजी चष्मा पुसून एकेक पत्ता डोळ्यांशी नेऊन बघत होत्या, काही घाई नसल्यासारखं, आणि वैजापूरची शेवटची गाडी स्टँडवरून केव्हाच सुटली होती.